लंडन साडेचार तास

नाशिकला द्वारकेच्या चौकात सहादू गांगुर्ड्यांना अंतर विचारायचं नाही, हे तिथल्या टांगेवाल्यांना, रिक्षावाल्यांना आणि पानवाल्याला पक्कं ठाऊक होतं. नवखा माणूस मात्र फसायचा. तो बिचारा सहज विचारायचा, "साहेब, चांदवड किती लांब?" आणि गांगुर्डे पेन्सिल कानावर खोचून सुरू व्हायचे. "अकरा टप्पे. दीड तास. पिंपळगावला बाजार असला तर पावणेदोन. वडाळीभोईला कोणी बोकड घेऊन चढला तर आणखी दहा मिनिटं धरा, कारण कंडक्टर बोकडाचं तिकीट मागणार आणि बोकडवाला भांडणार." तोवर चांदवडची गाडी निघून गेलेली असायची.

गांगुर्डे एसटीत कंट्रोलर होते. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता जिथं येऊन मिळतो, त्या चौकात निळ्या पत्र्याचं एक खोपट होतं. त्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या लाल गाड्यांची वेळ लिहायची, गाडी किती मिनिटं थांबली ते बघायचं आणि वेळ झाली की शिट्टी मारून ती हाकलायची, हे त्यांचं काम. आता यात एवढं ताठ मानेनं चालण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण गांगुर्ड्यांना जग दोनच मापांत कळायचं. एक टप्पा, म्हणजे सहा किलोमीटर, आणि दुसरं तास-मिनिटं. ती मापं लागू पडत नाहीत अशी गोष्ट त्यांच्या मते या जगात नव्हती. भात शिजायला किती वेळ लागतो हे त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना माहीत नसेल, पण गांगुर्ड्यांना माहीत होतं.

त्यांना एकच मुलगी. गोजरा. सरकारी दवाखान्यात नर्स, वय चोवीस, आणि लग्न व्हायचं राहिलेलं. त्यात गोजराचा काही दोष नव्हता. दोष होता गांगुर्ड्यांच्या नियमाचा. नियम असा, की मुलगी द्यायची तर अशा गावी, जिथं सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालेला बाप दिवस मावळायच्या आत तिच्या दारात उभा राहिला पाहिजे. नागपूरचा बँकेतला मुलगा आला, तर याच नियमानं वाटेला लागला. नांदेडचा मास्तर आला, तर गांगुर्डे म्हणाले, "मनमाडला गाडी बदलायची आन् तिथं चार तास बसायचं. आमची पोरगी काय पार्सल हाय?" अकोल्याच्या मुलावर तर दोन दिवस विचार झाला. अकोला दिवसात बसत होतं. पण उन्हाळ्यात बसत होतं. हिवाळ्यात दिवस लहान. "पोरगी काय फक्त उन्हाळ्यातच आजारी पडणार हाय?" असं म्हणून गांगुर्ड्यांनी तेही स्थळ परत पाठवलं.

लोक हसायचे. हसणाऱ्यांना भिमा माहीत नव्हती. भिमा ही गांगुर्ड्यांची धाकटी बहीण. तिला हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावर दिली होती. ती बाळंतपणात अडली, निरोप आला, तेव्हा सहादू जेमतेम विशीचा होता. त्र्यंबकपर्यंत बैलगाडी आणि तिथून पुढं पायी. तो पोचला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि घरातलं कोणी त्याच्याकडे बघेना. आता हरसूलला अडीच तासांत गाडी जाते. ही गोष्ट गांगुर्ड्यांनी आयुष्यात एकदाच सांगितली, यशोदाबाईंना, लग्नानंतर चार वर्षांनी. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

तर अशा माणसाच्या घरी, अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत, लंडनहून पत्र आलं. तिथल्या एका दवाखान्यानं गोजराला नोकरी दिली होती. गोजरानं अर्ज केला होता चोरून, पास झाली चोरून, आणि आता पत्र हातात धरून आईसमोर उभी होती.

"आण्णा पाय मोडून ठेवतील माझा," ती म्हणाली.

यशोदाबाई भाकरी थापत होत्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण पंचवीस वर्षं एका कंट्रोलरबरोबर संसार केला होता, आणि ते शिक्षण काही कमी नव्हे. "बाबासाहेब लंडनला शिकायला गेले ते काय जवळ होतं का, असं मी विचारीन," त्या म्हणाल्या. "पण ते शेवटी. आधी तू त्यांना अंतर सांगू नको. नकाशा तर दाखवूच नको. त्यांच्या हातात टाइमटेबल दे."

मेनरोडवर विमानाची तिकिटं काढून देणारं एक दुकान नुकतंच निघालं होतं. गोजरानं तिथून एक गुळगुळीत कागद आणला आणि संध्याकाळी आण्णांच्या ताटाशेजारी ठेवला. काय आहे, कशाचं आहे, ते एका दमात सांगून टाकलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

गांगुर्ड्यांनी आधी "लंडन" ऐकलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. कपाळावर आठ्या जमायला लागल्या होत्या. तेवढ्यात त्यांची नजर कागदावर गेली. वेळापत्रक म्हटलं की या माणसाचा जीव विरघळायचा. त्यांनी डावा हात धोतराला पुसला, कागद दिव्याकडे धरला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं.

"मुंबई सुटणार सात. लंडन पोचणार साडेअकरा." बोट थांबलं. "सकाळचे सात?"

"हो आण्णा."

"आन् साडेअकरा बी सकाळचेच?"

"सकाळचेच. पण आण्णा, त्यात असं आहे, की तिकडची जी—"

"गोजे, आमटी उतू चाललीय," यशोदाबाई म्हणाल्या. आमटी केव्हाचीच खाली उतरवून ठेवलेली होती. पण आईच्या आवाजात असं काही होतं, की गोजरा मुकाट्यानं आत गेली आणि गार आमटीकडे बघत उभी राहिली.

"साडेचार तास," गांगुर्डे म्हणाले. "यशोदे, लंडन साडेचार तास हाय. आपली धुळे गाडी साडेचार तास घेती." मग त्यांना शंका आली. "मधी थांबे किती?"

"एकही नाही," गोजरा आतून म्हणाली. हे मात्र खरं होतं.

"मग बरोबर हाय. थांबेच खातात टाइम." त्यांनी कागद उलटा केला आणि परतीच्या गाडीवर बोट ठेवलं. "लंडन सुटणार साडेनऊ. मुंबई... रात्री बारा." त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "हे साडेचौदा तास झाले की गं."

यशोदाबाईंचा हात भाकरीवर थांबला. आतमध्ये गोजरानं डोळे मिटून घेतले. बाबासाहेबांचा हुकमी पत्ता यशोदाबाई बाहेर काढणार, एवढ्यात गांगुर्डे मांडीवर थाप मारून हसले.

"चढ," ते म्हणाले.

"काय?"

"अगं चढ हाय. आपली नाशिक-मुंबई पाच तासांत जाती. येताना कसाऱ्याचा घाट चढायचा, म्हणून साडेपाच. आता मुंबईहून लंडन म्हणजे सगळा उतार. येताना चढ. घाट जरा मोठा दिसतोय, एवढंच."

"आण्णा, आभाळात कुठला घाट?" गोजराला राहवलं नाही.

"आभाळात नाय तर कुठं? विमान काय जमिनीला धरून जातं? वर चढतं ना? वर चढतं म्हणजे चढ आलाच." त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. "आन् येताना लागंना का कितीबी वेळ. पोरीला दुखलंखुपलं तर मला जायचं घाईचं. यायची घाई कोणाला हाय?"

आणि अशा रीतीनं गोजराला लंडनला जायची परवानगी मिळाली. नागपूरला नाही, नांदेडला नाही, अकोल्याला फक्त उन्हाळ्यात. लंडनला मात्र बारमाही.

दुसऱ्या दिवशी द्वारकेवर ही बातमी गाजली. खोपटाशेजारी झिपरूचं चहाभज्यांचं दुकान होतं. चौकातल्या सगळ्या विद्येचा निकाल तिथं लागायचा. गांगुर्ड्यांनी वेळापत्रक खिशातून काढून बाकावर पसरलं आणि आल्यागेल्याला समजावलं. उताराचा सिद्धांत कोणाला पटला नाही असं झालं नाही. पटणारच. तिथं बसणारा प्रत्येक माणूस कसाऱ्याचा घाट हजार वेळा चढलेला-उतरलेला होता.

"उतारावर इंजिन बंद करत असतील का हो?" ट्रकवाल्या सोमानं विचारलं.

"न्यूट्रल मारत असतील," गांगुर्डे म्हणाले. "पण पायलट कबूल नाय करायचा."

"म्हणून इंग्रजांना यायला महिने लागले," झिपरू भजी सोडत म्हणाला. "चढ होता. आन् गेले कसे भुर्रकन."

हे सगळ्यांनाच पटलं. दोन दिवसांत गांगुर्ड्यांच्या कॉलनीभर झालं, की लंडन हे धुळ्याएवढंच आहे, फक्त दुसऱ्या बाजूला. बायका यशोदाबाईंना विचारायला लागल्या, की मग पोरगी दिवाळीला येईलच ना. यशोदाबाई "बघू" म्हणायच्या आणि विषय पापडांवर न्यायच्या. गोजरा रोज ठरवायची, आज आण्णांना खरं सांगायचं. बाप आपल्यामुळं चौकात हसं करून घेतोय, हे तिला खात होतं. पण सांगितलं तर नियम आडवा येणार, आणि लंडन जाणार. मग ती उद्यावर ढकलायची.

पंधरा दिवस असे गेले. जायला आठ दिवस राहिले असताना धोंडीराम मास्तर चौकात उगवले.

धोंडीराम मास्तर ओझरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. रोज द्वारकेहून ओझरची गाडी धरायची आणि ती यायच्या आधी झिपरूकडे अर्धा चहा घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. महिनाभर तब्येतीमुळं रजेवर होते. परत आले आणि पहिल्याच चहाला त्यांच्या कानावर लंडनचा उतार आला. चहा त्यांच्या नाकातून बाहेर आला.

"गांगुर्डे," रुमालानं नाक पुसून ते म्हणाले, "उतार-बितार काही नाही हो. घड्याळं वेगळी आहेत."

"घड्याळं सगळी सारखीच असतात मास्तर. मिळवावी लागतात."

मास्तरांनी झिपरूच्या टोपलीतला एक कांदा उचलला. चुलीच्या जाळासमोर धरला. हा जाळ म्हणजे सूर्य, ते म्हणाले, आणि हा कांदा म्हणजे पृथ्वी. इथं नाशिक, इथं लंडन. कांदा असा फिरतो. नाशिकवर ऊन पडलं तरी लंडन अजून अंधारात. आपल्याकडे साडेपाच तास आधी उजाडतं, म्हणून त्यांचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं. तुम्ही मुंबईचं घड्याळ बघून सुटता आणि लंडनचं घड्याळ बघून पोचता.

एखाद्याला हे समजायला आठवडा लागला असता. गांगुर्ड्यांना अर्धं मिनिट लागलं. वेळ हा त्यांचाच प्रांत होता, आणि म्हणूनच मनाला जास्त लागलं.

"मग वेळापत्रकात तसं सांगत का नाहीत?"

"सांगतात. खाली बारीक अक्षरात. सर्व वेळा स्थानिक."

गांगुर्ड्यांनी खिशातला कागद काढला. पंधरा दिवसांत त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. खाली खरंच एक बारीक इंग्रजी ओळ होती. ती त्यांना छापखान्याचं नाव वाटली होती.

"साडेचार आन् साडेपाच, दहा," ते हळू म्हणाले. "जाताना दहा. येताना साडेचौदातून साडेपाच गेले, नऊ." मग कागद उलटा करून, "म्हणजे चढ जाताना हाय."

"चढ नाही हो. वारा."

"आन् अंतर?"

"सात हजार दोनशे किलोमीटर असेल."

"बाराशे टप्पे," गांगुर्डे म्हणाले. झिपरूनं झारा कढईत तसाच ठेवला. त्या चौकात इतका मोठा आकडा टप्प्यांत कोणी ऐकला नव्हता.

मास्तर मनानं चांगले होते. गांगुर्ड्यांचा चेहरा बघून त्यांना आपलीच चूक झाल्यासारखं वाटलं. "पण तुमचा नियम काही मोडत नाही," ते म्हणाले. "सकाळी सातला निघालात तर दिवसाढवळ्या पोचताच की. पश्चिमेकडे जाताना सूर्य आपल्याबरोबर चालतो. दिवसच लांबतो."

"तो जाणाऱ्या बापाचा लांबतो, मास्तर," गांगुर्डे म्हणाले. "तिकडं खाटेवर पडलेल्या पोरीचा लांबतो का?"

मास्तर कांदा हातात धरून उभे राहिले. तेवढ्यात ओझरची गाडी आली आणि ते कांद्यासकट तिच्यात चढले.

आता गांगुर्ड्यांनी सरळ घरी जाऊन "जायचं नाय" म्हणायला हवं होतं. एवढं एक वाक्य. अकोल्याच्या पोराला तोंडावर नाही म्हणणाऱ्याला ते जड नव्हतं. ते ठरवूनच घरी गेले. बघतात तो गोजरा आरशासमोर उभी, अंगात जाड लोकरीचा कोट, कानाला पट्टी, आणि घामानं नुसती भिजलेली. "आण्णा, कशी दिसते?" "अस्वल दिसतीस," गांगुर्डे म्हणाले, आणि त्या दिवशीचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाईंनी कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला यांचे डबे बांधायला घेतले होते. डब्यांचं झाकण लागेना. झाकण लावण्यात संध्याकाळ गेली. तिसऱ्या दिवशी गोजराची दवाखान्यातली शेवटची पाळी होती आणि ती डोळे सुजवून घरी आली. रडणाऱ्या पोरीला आणखी काय बोलायचं? चौथ्या दिवशी कॉलनीतल्या विहारात गोजराचा सत्कार ठेवला होता.

तिथं बोलायचंच, असं गांगुर्ड्यांनी पक्कं केलं. चार लोकांत बोललं की परतीचा रस्ता राहत नाही. वंदना झाली. शाल झाली. नारळाऐवजी एक वही-पेन देण्यात आलं. मग कोणीतरी म्हणालं, गांगुर्डे साहेबांनी दोन शब्द बोलावेत. गांगुर्डे उठले. पुढच्या रांगेत गोजरा पांढऱ्या साडीत बसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कॉलनीतल्या दहा-बारा मुली तिला चिकटून बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं तर तिच्या साडीचा पदर हातात धरून ठेवला होता.

"तर," गांगुर्डे म्हणाले. पुढं काही येईना.

मागून कोणीतरी मदतीला धावलं. "साहेब, किती तास लागतात तेवढं सांगा."

पोरी मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागल्या. गोजराही बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि तो का उडाला हे त्या सबंध विहारात फक्त गांगुर्ड्यांना कळत होतं. पोरीला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आमटी उतू गेली नव्हती, हेही त्यांना तिथंच उभ्याउभ्या उमगलं.

"साडेचार," गांगुर्डे म्हणाले. टाळ्या पडल्या. नोकरीला लागल्यापासून त्यांनी कोणाला जाणूनबुजून चुकीची वेळ सांगितली नव्हती.

मग मात्र जायचा दिवस आला. सकाळची धुळे-मुंबई गाडी धरायची, रात्र कल्याणला मामाकडे काढायची आणि पहाटे विमानतळ. पोचवायला यशोदाबाई जाणार होत्या. गांगुर्ड्यांनी रजा काढली नाही. यशोदाबाईंनी दोनदा विचारलं. "चौकात कोण बघणार?" एवढंच ते म्हणाले.

गाडी दहा वाजून वीस मिनिटांनी आली. द्वारकेला ती दहा मिनिटं थांबायची. माणसं चहाला उतरली. सामान टपावर चढलं. यशोदाबाई आणि गोजरा आत बसल्या. खिडकीशी गोजरा. गांगुर्डे खिडकीखाली उभे राहिले, हातात शिट्टी, आणि समोरच्या टायरकडे बघायला लागले. टायर चांगला होता.

"आण्णा," गोजरा म्हणाली. "एक सांगायचं राहिलंय. ते तसंच ठेवून मला विमानात बसवणार नाही."

"दहा तास," गांगुर्डे म्हणाले.

"काय?"

"दहा तास लागतात. साडेचार नाय. धोंडीराम मास्तरांनी सांगितलं. आठ दिवस झाले."

यशोदाबाई एकदम पलीकडच्या खिडकीतून पानवाल्याचं दुकान बघायला लागल्या. गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुम्ही मला अडवलं का नाही?"

गांगुर्ड्यांनी घड्याळ बघितलं. दहा चोवीस.

"अजून सहा मिनिटं हायेत गाडीला," ते म्हणाले.

हे ते विनोदानं म्हणाले नव्हते. पोरीला अडवायला त्यांच्याकडे खरंच तेवढाच वेळ उरला होता. "उतर" म्हटलं असतं, तर गोजरा उतरली असती. एक शब्द न बोलता उतरली असती, कोट पेटीत ठेवला असता, सोमवारी दवाखान्यात परत गेली असती आणि बापाला जन्मात कधी बोलून दाखवलं नसतं. ते त्यांना माहीत होतं. तो शब्द त्यांच्या दातांपर्यंत आला होता. बहिणीचं घर डोळ्यांपुढं आलं होतं, तिसऱ्या दिवसाचं. दहा पंचवीस. सहा मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. पाच मिनिटंसुद्धा.

गांगुर्ड्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि जोरात मारली.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "साहेब, टाइम हाय की अजून."

"घे गाडी."

"दोन माणसं कमी हायेत," कंडक्टर ओरडला. "चहाला गेलीत."

"त्यांना मी मागच्या गाडीत बसवतो. तू घे गाडी."

गांगुर्ड्यांच्या हाताखाली गाडी कधी वेळेआधी सुटली नव्हती. ड्रायव्हर बुचकळ्यात पडला, पण शिट्टी ती शिट्टी. त्यानं गिअर टाकला. गोजरानं हात खिडकीबाहेर काढला आणि काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

"हात आत घे," गांगुर्डे म्हणाले. "हात आत घे, पोरी." गाडी नाशिकच्या बाहेरच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते तेच म्हणत होते.

मागं वळले तर समोर एक म्हातारी उभी. एका हातात कागदावर भजी, दुसरा हात कमरेवर. तिच्या मागं एक धोतरवाला, तोंडात भजं, त्यामुळं नुसता हातवारे करणारा. म्हातारीला मात्र तोंड मोकळं होतं.

"आरं माझं गठुडं गेलं की गाडीत," ती म्हणाली. "नातीच्या बाळंतपणाला चाललेय मी. डिंकाचे लाडू हायेत त्यात. चांदवडपासनं मांडीवर धरून आणले. दहा मिनिटं थांबती म्हणून कंडक्टरनं सांगितलं म्हणून उतरले. थांबली का दहा मिनिटं?"

"नाय थांबली, मावशी. माझी चूक झाली." गांगुर्ड्यांनी तिला खोपटातला स्टूल आणून दिला. "घोटीला फोन करतो. गठुडं उतरवून घेतील. सव्वाअकराला मागची गाडी हाय, तिच्यात पुढं बसवतो."

धोतरवाल्यानं भजं गिळलं आणि वर तक्रार करणार असल्याचं सांगितलं. गांगुर्ड्यांनी त्याला कागद आणि स्वतःची पेन्सिल दिली. तक्रारीत आपलं नाव कसं लिहायचं तेही सांगितलं. तो जरा गडबडला आणि कागद घेऊन झिपरूच्या बाकावर जाऊन बसला.

ठमाबाई, म्हणजे ती म्हातारी, काही केल्या गप्प बसेना. "पण सोडली कशापायी? तू कंट्रोलर ना? तुझ्या हातात घड्याळ हाय. आंधळा तर दिसत नाहीस."

"गाडी आणखी थांबली असती तर माझ्या पोरीला मी खाली उतरवली असती," गांगुर्डे म्हणाले.

ठमाबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग स्टुलावर टेकली, पदर सावरला आणि भज्यांचा कागद मांडीवर ठेवला. तिनं सहा पोरी वाटेला लावल्या होत्या. गाडीखाली उभा राहिलेला बाप तिनं बघितलेला होता. तिचा आवाज एकदम खाली आला.

"पहिल्यांदाच चालली का सासरी?" तिनं विचारलं. "कुठं दिली?"

गांगुर्डे खोपटाच्या चौकटीला धरून उभे होते. मुंबईकडचा रस्ता रिकामा होता.

"दिली नाय, मावशी," ते म्हणाले. "तिची ती गेली."